ताकद की चपळाई? 'डी अँड डी'मधला पहिला लढवय्या घडवताना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या फासे टाकून खेळायच्या पात्रांच्या खेळात माझ्या पहिल्या कॅरेक्टरचं नाव होतं दगडोबा. माणूस जातीचा फायटर, अंगात लोखंडी कड्यांचं चेनमेल आणि दोन्ही हातांत पेलायची भलीमोठी ग्रेटसोर्ड. स्ट्रेंथ, म्हणजे ताकद, १४ आणि डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई, १६. गडी ताकदवानही आहे आणि चपळही, काय मस्त समतोल साधलाय, असं वाटून मी स्वतःवर खूश होतो. पहिल्याच लढाईत दगडोबाचे वार एकामागून एक हुकले आणि शेवटी त्याला गुहेतून पाय धरून ओढत बाहेर काढावं लागलं. फासे फिरले, असं सगळे म्हणाले. घरी येऊन त्याची शीट (पात्राच्या आकड्यांचा कागद) पुन्हा वाचली तेव्हा कळलं की फाशांचा दोष थोडाच होता. चेनमेल घातल्यावर डेक्स्टेरिटीचा बचावाला काडीचा उपयोग नसतो आणि ग्रेटसोर्ड चालते फक्त स्ट्रेंथवर. म्हणजे १६ चा चांगला आकडा मी कपाटात ठेवून दिला होता आणि १४ वर लढत होतो.

आता मी अधूनमधून डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसतो. नवीन मंडळींच्या शीटवर दगडोबा वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भेटतो. म्हणून हा लेख. तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीपुरता आहे. तिचे नियम २०१४ मध्ये आले आणि २०२४ मध्ये सुधारून निघाले. बऱ्याच टेबलांवर अजून जुनी पुस्तकं चालतात, त्यामुळे फरक असेल तिथे सांगत जाईन. दुसरा एखादा खेळ खेळत असाल तर शेवटाकडे त्याबद्दलही थोडं आहे.

पायरी पहिली: आकडा नव्हे, मॉडिफायर वाचा

शीटवर सहा गुण असतात: स्ट्रेंथ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणा), इंटेलिजन्स, विस्डम आणि करिश्मा. प्रत्येकासमोर साधारण ८ ते २० मधला आकडा येतो. खेळताना मात्र त्या आकड्याला जवळजवळ कुणी विचारत नाही, विचारतात त्याच्या मॉडिफायरला, म्हणजे फाशावरच्या आकड्यात मिळवायच्या भरीला. आकड्यातून १० वजा करा, उरलेल्याचा अर्धा भाग घ्या, अपूर्णांक आला तर खालच्या बाजूला सरका. १० आणि ११ ला शून्य, १२-१३ ला +१, १४-१५ ला +२, १६-१७ ला +३, १८-१९ ला +४ आणि २० ला +५. ८-९ असेल तर उणे १.

यातून पहिला शहाणपणा निघतो: १५ आणि १४ यांचा मॉडिफायर एकच. विषम आकडा हा पुढे वाढवायच्या तयारीने ठेवलेला असतो, आज त्याचा फायदा जवळजवळ शून्य. २७ गुण खर्चून आकडे विकत घ्यायच्या पॉइंट-बाय पद्धतीत १४ ला ७ गुण लागतात आणि १५ ला ९. ते जास्तीचे दोन गुण खर्च करताना पुढे या १५ चे १६ किंवा १७ होणार आहेत का, हे स्वतःला विचारा.

वार करताना वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात मॉडिफायर आणि प्रोफिशिअन्सी (सरावाचा) बोनस मिळवायचा. हा बोनस पहिल्या चार लेव्हलना +२ असतो. बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी, म्हणजे त्याच्या बचावाच्या आकड्याइतकी, किंवा त्याहून जास्त भरली की वार लागला. आर्मर क्लासला टेबलावर सगळे एसीच म्हणतात.

आता हे मनावर कोरून ठेवा: एका वारात एकच मॉडिफायर चालतो. स्ट्रेंथचे +३ आणि डेक्सचे (डेक्स्टेरिटीचे) +३ मिळून कधीच +६ होत नाहीत. दोन्ही गुण सारखे वाढवणाऱ्याला प्रत्येक वाराला त्यातला एकच वापरता येतो आणि दुसरा बसून राहतो. म्हणून लढवय्याचा समतोल म्हणजे दोन सारखे आकडे नव्हेत. एक गुण कमावता असतो आणि दुसरा घर चालेल इतपत लागतो. 'इतपत' म्हणजे किती, हे चिलखत ठरवतं. ते तिसऱ्या पायरीत बघू.

पायरी दुसरी: कुठल्या गुणाचं काय काम

डेक्स्टेरिटीची यादी लांबलचक आहे. लढाईत कुणाचा नंबर आधी, म्हणजे इनिशिएटिव्ह. धनुष्यबाण. हलक्या चिलखतातला बचाव. लपतछपत जाणं, तोल सांभाळणं, खिसे कापणं. शिवाय अंगावर येणारा आगीचा लोळ चुकवणं. फायरबॉल हा मंत्र सहा बाजूंच्या ८ फाशांचं, म्हणजे सरासरी २८ डॅमेज (इजा) करतो आणि डेक्सची फेक जमली तर ते निम्म्यावर येतं. पाचव्या लेव्हलच्या आसपास हा मंत्र समोरच्याकडूनही यायला लागतो आणि तेव्हा डेक्स ८ ठेवणारे लोक टेबलावर एकदम गप्प होतात.

स्ट्रेंथची यादी आखूड. जड शस्त्रं, भालाफेक, ढकलणं, पकडून ठेवणं, ओझं, उडी, चढणं. ही यादी वाचून नवखा लगेच म्हणतो की मग डेक्सच भारी. खेळाडूंच्या गप्पांतही हेच मत सर्रास ऐकू येतं. कागदावर ते बरंचसं खरंही आहे. पण त्या आखूड यादीतल्या गोष्टी नेमक्या अडचणीच्या वेळी लागतात.

उडीच घ्या. दहा फूट धावत येऊन लांब उडी मारली तर स्ट्रेंथचा आकडा असेल तितके फूट अंतर पार होतं. इथे मॉडिफायर नाही, प्रत्यक्ष आकडाच मोजतात. या खेळाचे नकाशे पाच-पाच फुटांच्या चौकोनांवर काढलेले असतात, त्यामुळे खड्डे आणि दऱ्या बहुतेक पाच, दहा किंवा पंधरा फुटी निघतात. स्ट्रेंथ ८ असलेला तुमचा विजेसारखा चपळ तलवारबाज दहा फुटी खड्ड्याच्या काठावर येतो आणि नियमाप्रमाणे आठ फुटांवर खाली पडतो. ॲक्रोबॅटिक्सने, म्हणजे डेक्सवर चालणाऱ्या कसरतीच्या कौशल्याने, इथे काही होत नाही. माझ्या टेबलावर हे दोनदा झालंय, दोन्ही वेळा हसून हसून खेळ थांबवावा लागला.

चढण्याचंही तसंच. आपल्याकडच्या खेळाडूंना मावळा बनवायची हौस असते, ते साहजिकच आहे. हलकं अंग, ढाल-तलवार, रात्रीच्या अंधारात कडा चढून जाणारा गडी. शीट भरताना तो डेक्सवरच उभा राहतो. पण अवघड कडा चढणं हे ॲथलेटिक्सचं काम, आणि ॲथलेटिक्स स्ट्रेंथवर चालतं. असा मावळा हवा असेल तर स्ट्रेंथ १२ तरी ठेवा आणि ॲथलेटिक्समध्ये प्रोफिशिअन्सी घ्या. तलवारीसाठी सिमिटर या वक्र तलवारीचे आकडे वापरा, ते बरोबर बसतात.

पकडापकडी हा कुस्ती पाहिलेल्या माणसाला चटकन कळणारा भाग. २०१४ च्या नियमांत पकडणारा ॲथलेटिक्सची फेक करतो आणि सुटणारा ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स यांतलं जे चांगलं असेल ते वापरतो. थोडक्यात, धरायला ताकदच लागते, निसटायला डावही चालतो. २०२४ मध्ये ती समोरासमोरची फेक गेली. आता समोरच्याला स्ट्रेंथ किंवा डेक्सचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाची फेक, करावा लागतो आणि त्याला गाठायचा आकडा असतो ८ अधिक तुमचा स्ट्रेंथ मॉडिफायर अधिक प्रोफिशिअन्सी बोनस. पकडलेल्याचा वेग शून्य होतो. पळून जाणारा मांत्रिक असा धरून ठेवला की उरलेल्या सगळ्यांची सोय होते.

पायरी तिसरी: चिलखत आधी निवडा

बहुतेक जण आधी आकडे ठरवतात, मग शस्त्र घेतात आणि चिलखत सगळ्यात शेवटी, 'जे परवडेल ते' म्हणून. हा क्रम उलटा करा. फायटरला सुरुवातीला मिळणारं सामानच बघा ना: एका बाजूला चेनमेल, दुसऱ्या बाजूला चामड्याचं हलकं चिलखत आणि लाँगबो. पुस्तक तुम्हाला पहिल्याच पानावर विचारतंय की तुम्ही कोण आहात.

हलक्या चिलखतात पूर्ण डेक्स मॉडिफायर एसीत मिळतो. स्टडेड लेदर म्हणजे खिळे ठोकलेलं चामडं. किंमत ४५ सोन्याची नाणी, एसी १२ अधिक डेक्स. डेक्सचे +३ असतील तर १५, आणि पुढे कधीतरी डेक्स २० झालं की १७. लपायला काही अडचण नाही.

जड चिलखतात डेक्स मोजतच नाहीत. चेनमेलला सरळ १६, स्प्लिंटला १७, प्लेटला १८. डेक्स ८ असलं तरी एसी घटत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं, कारण इतर चिलखतांत उणे मॉडिफायर तेवढा एसी खातो. बदल्यात हे चिलखत ताकद मागतं: चेनमेलला स्ट्रेंथ १३, स्प्लिंट आणि प्लेटला १५. तेवढी नसेल तर वेग दहा फुटांनी कमी होतो. २०१४ च्या ड्वॉर्फना, म्हणजे बुटक्या जातीच्या पात्रांना, मात्र हा नियम लागू नाही. शिवाय या चिलखतात लपताना दोन फासे टाकून त्यातला वाईट घ्यावा लागतो, यालाच पुढे 'तोटा' म्हटलंय. प्लेटचं वजन ६५ पौंड, म्हणजे साधारण साडेएकोणतीस किलो, आणि किंमत १५०० नाणी. पहिल्या लेव्हलला तिची स्वप्नंच बघायची.

आता मधलं चिलखत. 'दोन्ही हवं' म्हणणाऱ्यांचं खरं घर हेच, आणि नवखे नेमकं हेच वगळतात. मध्यम चिलखतात डेक्स मिळतं, पण जास्तीत जास्त +२. चेन शर्ट १३ अधिक डेक्स, किंमत ५०. स्केल मेल १४ अधिक डेक्स, तेवढीच किंमत, पण ते वाजतं, त्यामुळे लपताना तोटा. ब्रेस्टप्लेट १४ अधिक डेक्स, वाजत नाही, म्हणून किंमत एकदम ४००. हाफ प्लेट १५ अधिक डेक्स, किंमत ७५०, आणि पुन्हा खडखडाट. इथे स्ट्रेंथची कसलीही अट नाही.

+२ वर टोपण बसलंय याचा अर्थ सरळ आहे. मध्यम चिलखत घालणाऱ्याने डेक्स १४ वर नेऊन थांबायचं. १६ केलंत तर एसीत काही पडत नाही. १२ ठेवलंत तर एक गुण हकनाक जातो. ताकदीच्या लढवय्यासाठी 'घर चालेल इतपत' डेक्स किती, या प्रश्नाचं माझं उत्तर १४.

एसीतल्या एका गुणाची किंमत किती, ते गॉब्लिन या छोट्या राक्षसाला विचारा. त्याच्या वाराला +४ मिळतात. एसी १५ वर त्याला फाशावर ११ किंवा जास्त लागतात, म्हणजे शंभरात ५० वार लागतात. १६ वर ४५. ढाल घेऊन १८ वर गेलात तर ३५. प्रत्येक गुण म्हणजे पाच टक्के.

पायरी चौथी: शस्त्र

चिलखत ठरलं की शस्त्राचा प्रश्न निम्मा सुटतो. फिनेस असं लिहिलेली शस्त्रं, उदाहरणार्थ रेपिअर (निमुळती, सरळ तलवार), शॉर्टसोर्ड, सिमिटर, खंजीर, स्ट्रेंथ किंवा डेक्स यांपैकी कशावरही चालतात आणि डॅमेजलाही तोच मॉडिफायर लागतो. धनुष्य डेक्सवर चालतं. बाकी सगळी हातघाईची शस्त्रं स्ट्रेंथवर.

एक जाता जाता. खऱ्या लाँगबोला अफाट ताकद लागायची. १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोज' या इंग्रजी जहाजातून जी धनुष्यं वर काढली, ती ओढायला शंभर पौंडांहून जास्त जोर लागत असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. खेळात मात्र स्ट्रेंथ ८ चा कडक्या माणूसही ते दिवसभर ओढतो. यावर डीएमशी वाद घालू नका. मी घातलाय, उपयोग होत नाही.

ढाल-तलवारवाल्यांत दोन्ही वाटा डॅमेजला अगदी सारख्या पडतात. लाँगसोर्ड आणि रेपिअर, दोन्हींचा आठ बाजूंचाच फासा. फरक पडतो तो दोन हातांच्या शस्त्रांत. ग्रेटसोर्डला सहा बाजूंचे दोन फासे, सरासरी ७, आणि तिच्या तोडीचं फिनेस शस्त्र खेळात नाही. मोठा घाव घालायचा असेल तर स्ट्रेंथला पर्याय नाही.

लांबून मारायचं काय, ही ताकदवाल्यांची नेहमीची चिंता. जॅव्हेलिन, म्हणजे फेकायचा भाला, घ्या. फेकायचं हातघाईचं शस्त्र स्ट्रेंथवरच चालतं आणि हे तीस फुटांपर्यंत बिनतोट्याचं, १२० फुटांपर्यंत तोटा सोसून जातं. पाच-सहा पाठीला बांधा आणि धनुष्याचा विचार सोडून द्या. २०२४ च्या नियमांत लाँगबोसारख्या 'हेवी' धनुष्याला डेक्स १३ आणि 'हेवी' हातघाईच्या शस्त्राला स्ट्रेंथ १३ लागते, नाहीतर वाराच्या फेकीला तोटा. त्यामुळे स्ट्रेंथ ८ आणि ग्रेटसोर्ड, किंवा डेक्स १० आणि लाँगबो, अशा जोड्या आता आणखीच वाईट ठरतात.

पायरी पाचवी: आकडे मांडा

१५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरलेला संच घेऊ आणि त्यावर एकाला +२, दुसऱ्याला +१. हे बोनस २०१४ मध्ये जातीतून मिळत, २०२४ मध्ये पार्श्वभूमीतून मिळतात. उदाहरणार्थ, नव्या नियमांतली सोल्जर ही पार्श्वभूमी स्ट्रेंथ, डेक्स आणि कॉन्स्टिट्यूशन यांतच ते वाटून देते. लढवय्यासाठी सोयीचं.

लोखंडी भिंत. स्ट्रेंथ १७, कॉन्स्टिट्यूशन १४, विस्डम १४, करिश्मा १२, डेक्स १०, इंटेलिजन्स ८. चेनमेल आणि ग्रेटसोर्ड. एसी १६, वाराला +५, सरासरी डॅमेज १०. इनिशिएटिव्ह शून्य, म्हणजे बऱ्याचदा इतरांचा हात झाल्यावर याचा नंबर. हा गडी आधी मार खातो आणि मग मारतो. काहींना हेच आवडतं.

पात्यासारखा. डेक्स १७, कॉन्स्टिट्यूशन १४, विस्डम १४, करिश्मा १२, स्ट्रेंथ १०, इंटेलिजन्स ८. स्टडेड लेदर, ढाल, रेपिअर, पाठीवर लाँगबो. एसी १७. ड्युएलिंग ही शैली घेतली तर डॅमेजला आणखी +२, सरासरी साडेनऊ. इनिशिएटिव्ह +३. २०१४ च्या नियमांत सुरुवातीला साधं लेदर मिळतं, तेव्हा ४५ नाणी जमेपर्यंत एसी एकाने कमी धरा. स्ट्रेंथ मुद्दाम १० ठेवली आहे, ८ नाही. कारण तुम्ही आता ओळखलंच असेल: दहा फुटी खड्डा. ओझ्यालाही बरं पडतं. स्ट्रेंथ गुणिले १५ पौंड एवढं सामान उचलता येतं, म्हणजे ८ वर १२० पौंड आणि १० वर १५०.

आणि तिसरा, मधल्या वाटेचा. स्ट्रेंथ १७, डेक्स १४, कॉन्स्टिट्यूशन १४, विस्डम १२, करिश्मा १०, इंटेलिजन्स ८. स्केल मेल आणि ग्रेटसोर्ड. एसी १६, वाराला +५, डॅमेज १०. थांबा आणि हे पहिल्याशी ताडून बघा. बचाव तोच, घाव तोच. वर इनिशिएटिव्हला +२, आगीचा लोळ चुकवायला +२, आणि लागलंच तर धनुष्याच्या वारालाही +४. गेलं काय? विस्डम आणि करिश्मा यांचा एकेक मॉडिफायर. पुढेमागे स्केल मेल विकून ब्रेस्टप्लेट घेतलं की लपायचीही सोय झाली. नवख्याला एकच शीट सुचवायची झाली तर मी हीच देतो.

हिचा तोटा उशिरा कळतो. प्लेट घालणाऱ्याचा एसी शेवटी १८ वर जातो आणि मध्यमवाल्याची धाव हाफ प्लेटच्या १७ वर संपते. पण स्ट्रेंथ १५ च्या वर असल्याने प्लेट हाती लागली तर घालण्यापासून तुम्हाला कुणी अडवत नाही. तोपर्यंतच्या सात-आठ लेव्हल डेक्स १४ ने आपलं काम केलेलं असतं.

दगडोबाचा हिशोबही इथेच उरकून टाकू. गॉब्लिनचा एसी १५. दगडोबाच्या वाराला +४, म्हणून फाशावर ११ लागायचे, शंभरात ५०. लागला तर सरासरी ९. म्हणजे दर वारामागे साडेचार, थेट २० पडल्याचा जास्तीचा घाव सोडून देऊन. वरच्या तिसऱ्या शीटवर +५, शंभरात ५५, लागल्यावर १०, म्हणजे साडेपाच. प्रत्येक फेरीला एक गुण कमी ऐकायला किरकोळ वाटतं, पण तो जवळजवळ पाचवा हिस्सा झाला. डेक्स १६ आणि स्ट्रेंथ १४ यांची नुसती अदलाबदल केली असती तरी दगडोबा त्या दिवशी स्वतःच्या पायांनी बाहेर आला असता.

आणखी एक सापळा. दोन्ही गुण १६-१७ वर न्यायचे म्हणून काही जण विस्डम ८ करतात. पहिल्या लेव्हलला काही बिघडत नाही. मग कुणीतरी होल्ड पर्सन हा मंत्र टाकतो, विस्डमचा सेव्हिंग थ्रो हुकतो आणि तुमचा सर्वगुणसंपन्न योद्धा पुतळ्यासारखा उभा राहतो. कॉन्स्टिट्यूशन कापणं तर त्याहून वाईट. फायटरचे पहिल्या लेव्हलचे हिट पॉइंट (किती मार सोसता येईल तो आकडा) १० अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर, आणि पुढच्या प्रत्येक लेव्हलला तो मॉडिफायर पुन्हा मिळत राहतो.

पायरी सहावी: डीएमला चार प्रश्न

हे खेळाच्या आधी विचारा, व्हॉट्सॲपवर विचारलंत तरी चालेल. सामानाचं वजन मोजणार का? बरेच डीएम मोजत नाहीत, आणि मग कमी स्ट्रेंथ फुकटात पडते. पहिल्या काही सत्रांत गुपचूप शिरायची कामं जास्त आहेत का? असतील तर वाजणारं चिलखत सगळ्या गटाला महागात पडेल. लढाया अरुंद भुयारांत होतील की उघड्यावर? उघड्यावर धनुष्य राजा असतं. गटात बाकीचे कोण आहेत? दोन 'रोग' (चोरट्या चालीची पात्रं) आणि एक रेंजर (रानातला तिरंदाज) आधीच असतील तर दार फोडायला, जाळीचा दरवाजा उचलायला आणि बेशुद्ध दोस्ताला खांद्यावर घ्यायला कुणीतरी लागणार आहे.

फायटरखेरीज

बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्ध्याला, फार विचार करायला नको. रेजमधलं, म्हणजे त्याच्या लढाईतल्या संतापातलं, जास्तीचं डॅमेज स्ट्रेंथच्याच वारांना मिळतं आणि जड चिलखतात रेजचे फायदे मिळत नाहीत. म्हणून स्ट्रेंथ मुख्य, डेक्स १४, मध्यम चिलखत. म्हणजे आपली तिसरी शीटच. पॅलाडिनला (व्रतस्थ योद्ध्याला) स्ट्रेंथ आणि करिश्मा दोन्ही लागतात, त्याने डेक्स खुशाल सोडावं आणि लोखंडात शिरावं. रेंजर बहुधा डेक्सवाला.

'पाथफाइंडर'ची २०१९ ची दुसरी आवृत्ती खेळणाऱ्यांनी मात्र वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवावा. तिथे फिनेस शस्त्राने वार डेक्सवर करता येतो, पण डॅमेजला सहसा स्ट्रेंथच मिळते. 'डी अँड डी'च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतही तसंच होतं, आणि तिथे डेक्सवर वार करायला खास फीट, म्हणजे वेगळं कसब, घ्यावी लागायची. अशा खेळांत दोन्ही गुण वाढवणं खरोखर कामाचं ठरतं. पाचव्या आवृत्तीने एकाच गुणाला दोन्ही कामं दिली, म्हणून इथे निवड करावी लागते.

पायरी सातवी: चौथी लेव्हल

फायटरला ४, ६ आणि ८ या लेव्हलना गुण वाढवायची संधी मिळते, इतरांना साधारण ४ आणि ८ ला. एका ठिकाणी +२ किंवा दोन ठिकाणी +१. दुय्यम गुणाला इथे हात लावू नका, आधी मुख्य गुण २० पर्यंत न्या. एका गुणाला १६ वरून २० वर न्यायला दोन संधी लागतात, दोघांना न्यायचं तर चार, आणि फायटरची चौथी संधी थेट बाराव्या लेव्हलला येते. तोपर्यंत बहुतेक मोहिमा आटोपतात, निदान आमच्या तरी.

१७ चा विषम आकडा इथे कामी येतो. २०२४ च्या पुस्तकातल्या या टप्प्यावरच्या जवळजवळ सगळ्या फीट्सबरोबर एका गुणाला +१ मिळतो. ग्रेट वेपन मास्टर घेतलीत की स्ट्रेंथ १८ झाली आणि जड शस्त्राचा घावही वाढला. २०१४ च्या ग्रेट वेपन मास्टरमध्ये तो +१ नाही, तिथे घेण्याआधी नीट वाचा.

जादूच्या वस्तूंच्या भरवशावर आकडे ठरवू नका. गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर हे हातमोजे स्ट्रेंथ सरळ १९ करून टाकतात, त्यामुळे 'मी आत्ता ८ ठेवतो, पुढे मिळतीलच' असं म्हणणारा एक जण दर गटात असतो. आमच्या गटातल्याला ते दीड वर्षाने मिळाले. म्हणजे मिळाले ते बार्बेरियनला.

खेळाच्या आदल्या रात्री शीट घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसा. एसी १५ चे दोन गॉब्लिन समोर मांडा, तुमचा गडी एकटा, आणि दहा फेऱ्या खेळून बघा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. प्रत्येक फेकीला शीटवरचा कुठला आकडा वापरला त्याच्यापुढे एक टिंब काढा. ज्या मोठ्या आकड्यापुढे शेवटपर्यंत एकही टिंब आलं नाही, तो दुसरीकडे हलवा. आकडे पेन्सिलनेच लिहिलेले बरे, चौथ्या लेव्हलला खोडायचेच आहेत.